मंदीत भाड्यासाठी फ्लॅट घेताना: आधी भाडं, मग भाव

एकाच सोसायटीत सात-आठ फ्लॅट विक्रीला निघाले, एजंट स्वतःहून "बसून बोलू, किंमत कमी होईल" म्हणू लागले आणि बिल्डरच्या फलकांवर "मुद्रांक शुल्क आमच्याकडून" झळकू लागलं, की बाजार थंडावला असं समजावं. हाताशी चार पैसे असलेला माणूस अशा वेळी हिशेब मांडतो: आता स्वस्तात घ्यायचा, भाड्यानं द्यायचा, भाव चढला की विकायचा. यातल्या पहिल्या दोन गोष्टी बऱ्याचशा आपल्या हातात असतात, तिसरी नसते. १९९५ च्या सुमारास मुंबईत चढ्या भावानं घर घेतलेल्यांना तो भाव पुन्हा दिसायला जवळपास दहा वर्षं लागली. २०१३ नंतर पुण्या-मुंबईचे भाव २०२० पर्यंत बहुतेक ठिकाणी जागच्या जागी होते आणि महागाई धरली तर खालीच आले होते. मधल्या वर्षांत घर आपल्याला पोसतं की आपण घराला, हे भाड्यावर ठरतं. म्हणून मंदीत घर शोधताना सुरुवात भाड्यापासून करायची आणि त्यावरून भाव काढायचा.

पुढची उदाहरणं पुणे परिसरातली आहेत. मुद्रांक शुल्काचे दर महाराष्ट्राचे आहेत. गोव्यात किंवा कर्नाटकात घेणाऱ्यांनी तिथले दर लावावेत.

खरं भाडं कसं काढायचं

विक्रेता आणि त्याचा एजंट सांगतील ते भाडं कधीच धरू नका. त्याच इमारतीतल्या किंवा शेजारच्या सोसायटीतल्या फ्लॅटसाठी भाडेकरू म्हणून तीन वेगवेगळ्या एजंटांना फोन करा. "दोन महिन्यांत हवंय, किती कमी होईल?" असं विचारा. ते सांगतील त्या आकड्यांतला सगळ्यात कमी आकडा तुमचा. मग सोसायटीच्या वॉचमनला विचारा की किती फ्लॅट भाड्यानं आहेत आणि रिकामा झालेला फ्लॅट भरायला किती दिवस लागतात. रात्री आठ-साडेआठला एक चक्कर मारा आणि अंधारे फ्लॅट मोजा. ८० फ्लॅटच्या इमारतीत २५ फ्लॅट अंधारात असतील तर तुमचा सव्विसावा होणार.

भाडेकरू कुठून येतात हे त्याहून महत्त्वाचं. २०२० मध्ये हिंजवडी, वाकड, खराडी या भागांतले फ्लॅट काही आठवड्यांत रिकामे झाले, कारण जवळजवळ सगळे भाडेकरू एकाच प्रकारचे होते: आयटी कंपन्यांत काम करणारे, गाव दुसरीकडे असलेले. घरून काम सुरू झालं आणि ते गावी गेले. वसतिगृहासारखे मुलांना दिलेले फ्लॅट कॉलेजं बंद होताच तसेच ओस पडले. पुढे २०२२ पासून त्याच भागांत भाडी झपाट्यानं वाढली हे खरं, पण मधल्या दीड-दोन वर्षांचे हप्ते कोणी माफ केले नव्हते. मार्च ते ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, तेव्हाही व्याज चालूच होतं.

म्हणून एकाच कंपनीच्या किंवा एकाच धंद्याच्या भरवशावर असलेला भाग मंदीत टाळलेला बरा. मोठं रुग्णालय, एमआयडीसी, रेल्वे स्थानक, जुनी शाळा, बाजारपेठ यांपैकी दोन-तीन गोष्टी चालत जाण्याच्या अंतरावर असतील तर भाडेकरूंचा ओघ सहसा आटत नाही. चिंचवड-भोसरीचा पट्टा, ठाणे-डोंबिवलीचा स्थानकाजवळचा भाग, नाशिकमध्ये सातपूर-अंबड हे या प्रकारचे. चकचकीत क्लब-हाऊसपेक्षा नर्स, बँक कर्मचारी, कारखान्यातला सुपरवायझर अशा कुटुंबाला परवडणारा साधा वन बीएचके किंवा लहान टू बीएचके मंदीत लवकर भरतो. मोठा थ्री बीएचके रिकामा झाला की महिनोन्‌महिने रिकामा राहतो आणि त्याचा मेंटेनन्सही जास्त असतो.

शहराबाहेरच्या नव्या भागांत पाण्याची चौकशी वेगळी करा. महापालिकेचं पाणी येतं का, किती तास येतं, मार्च ते जून टँकर किती लागतात, त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा गोळा होतो? सोसायटीच्या मागच्या दोन वर्षांच्या ताळेबंदात टँकरचा खर्च स्पष्ट दिसतो. विक्रेत्याकडून तो मागून घ्या.

कागदावरचा परतावा आणि हातात येणारा परतावा

समजा, ६२० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके आहे, दहा वर्षं जुना, मागणी ५२ लाख, भाडं २०,०००. वर्षाला २,४०,०००, म्हणजे ४.६ टक्के. एजंट हाच आकडा सांगतो. आता खर्च वजा करा:

- वर्षातून एक महिना रिकामा: २०,०००
- मेंटेनन्स २,८०० प्रमाणे: ३३,६००
- भाड्यानं दिल्याबद्दल सोसायटीचं ना-भोगवटा शुल्क, महिना २०० धरून: २,४००
- मिळकतकर: १४,०००
- एजंटचं कमिशन, दर दोन वर्षांनी एक महिन्याचं भाडं धरून: १०,०००
- रंग, नळ, गिझर, वायरिंग वगैरे सरासरी: १५,०००

एकूण ९५,०००. हातात राहिले १,४५,०००.

यातल्या दोन ओळी नेहमी चुकतात. पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत असते आणि घर भाड्यानं दिलं की ती जाते. विक्रेता स्वतः राहत असेल तर त्यानं दाखवलेलं बिल सवलतीचं असतं. तुमचं बिल त्याच्या दीडपटीहून जास्त येईल. दुसरी ओळ ना-भोगवटा शुल्काची. सरकारी आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि हे १० टक्के मिळकतकर वगळून मोजायचे असतात. काही सोसायट्या महिना हजार-दोन हजार लावतात. असं असेल तर घेण्याआधीच कमिटीशी बोलून घ्या, नंतर दरमहा भांडण होतं.

आता ५२ लाखांना फ्लॅट खरोखर केवढ्याला पडतो ते बघू. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे अशा ठिकाणी पुरुषाच्या नावावर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ३,६४,०००. मुंबईत ते ६ टक्के. केवळ स्त्रीच्या नावावर निवासी घर घेतलं तर १ टक्का सवलत आहे. नोंदणी शुल्क १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,०००. एजंट १ टक्का, ५२,०००. सोसायटीचा हस्तांतर प्रीमियम महापालिका हद्दीत कमाल २५,०००. वकील १५,०००. कर्जाची प्रोसेसिंग फी आणि गहाणाची नोंद मिळून ३०,०००. भाड्यानं देण्याजोगा करायला रंग, पंखे, गिझर, किचन ट्रॉली, खिडक्यांच्या जाळ्या असे दीड लाख. सगळं मिळून ५८,६६,०००. त्यावर १,४५,००० म्हणजे वर्षाला २.५ टक्क्यांहूनही किंचित कमी.

४.६ आणि २.५ मधलं हे अंतरच या व्यवहारात लोकांना बुडवतं.

आपला भाव काढा

निव्वळ ३ टक्के तरी सुटले पाहिजेत, असं आमचं मत आहे. मुदत ठेवीपेक्षा हे कमीच आहे, पण भाडं दरवर्षी थोडं वाढतं आणि जागेची किंमतही कधीतरी हलते. त्याखाली गेलात तर सगळा डाव भाववाढीवर लागतो.

१,४५,००० ला ३ टक्क्यांनी भागलं की ४८,३३,००० येतात. घर सगळ्या खर्चासकट एवढ्यात बसलं पाहिजे. शुल्क, एजंट, दुरुस्ती मिळून साधारण सव्वासहा लाख वजा केले की ४२ लाख उरतात. ५२ लाख मागणाऱ्याला ४२ लाख सांगायला संकोच वाटतो. वाटू देऊ नका. दहातले आठ नाही म्हणतील. तुम्हाला उरलेल्या दोघांशी बोलायचंय.

ते दोघे ओळखता येतात. नव्या घराचं बुकिंग केलेलं आणि बिल्डरचा पुढचा हप्ता तोंडावर आलेला माणूस. आई-वडिलांच्या पश्चात तीन-चार भावंडांत वाटणी करायची असलेलं कुटुंब. परदेशात स्थायिक झालेला मालक. हप्ते थकत चाललेला कर्जदार. अशांना पाच टक्के जास्त भावापेक्षा ठरलेल्या तारखेला पैसे मिळण्याची हमी मोलाची वाटते. तुमच्याकडे कर्जाचं मंजुरीपत्र आणि स्वतःची रक्कम तयार असेल तर "४५ दिवसांत नोंदणी" हे वाक्यच तुमची ताकद आहे. मालक परदेशस्थ असेल तर मात्र टीडीएसचा (विक्रेत्याला पैसे देतानाच कापून सरकारला भरायच्या कराचा) दर आणि पद्धत वेगळी असते. चार्टर्ड अकाउंटंटला विचारल्याशिवाय विसारसुद्धा देऊ नका.

मागणीचे आकडे पाहून भाव ठरवू नका, झालेले व्यवहार पाहा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये जिल्हा, गाव आणि सर्व्हे किंवा सीटीएस क्रमांक (शहरातल्या जागेचा भूमापन क्रमांक) टाकला की त्या जागेवर नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक २, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो, ती पाहता येते. त्याच इमारतीतले मागच्या वर्षभराचे चार-पाच व्यवहार काढा आणि दर चौरस फुटाला काय पडलं ते लिहा. विक्रेत्यासमोर तो कागद ठेवला की बोलणं निम्म्या वेळात उरकतं.

रेडी रेकनरचा सापळा

मंदीत घेणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि बहुतेकांना ते विवरणपत्र भरताना कळतं.

बाजार पडला म्हणून सरकारी बाजारमूल्य दर, म्हणजे रेडी रेकनर, लगेच पडत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये, ऐन करोनाच्या काळात, राज्याचा सरासरी दर १.७४ टक्के वाढला होता. त्यामुळे खरा सौदा सरकारी मूल्याच्या खाली होऊ शकतो. तेव्हा दोन गोष्टी होतात. मुद्रांक शुल्क दोन्हींतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. आणि सरकारी मूल्य तुमच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक वर असेल तर फरकाची सगळी रक्कम प्राप्तिकर कायद्याप्रमाणे तुमचं उत्पन्न धरली जाते. फक्त १० टक्क्यांवरचा भाग नाही, सगळी.

आपल्या फ्लॅटचं सरकारी मूल्य ४८ लाख आहे असं धरू. ४२ लाखांना घेतला तर फरक ६ लाख. ४२ लाखांचे १० टक्के ४.२ लाख, म्हणजे मर्यादा ओलांडली. ३० टक्क्यांच्या गटातल्या माणसाला सेससकट ६ लाखांवर १,८७,२०० रुपये कर बसेल. हाच सौदा ४३.७ लाखांना झाला तर फरक ४.३ लाख, मर्यादा ४.३७ लाख, कर शून्य. किंमत १.७ लाखांनी वाढली आणि कर १.८७ लाखांनी वाचला. तुमचा खर्च जवळजवळ तेवढाच राहिला, पण वरचे पैसे विक्रेत्याला मिळाले. शिवाय विक्रेत्याचा भांडवली नफाही अशा वेळी सरकारी मूल्यावर मोजला जातो, त्यामुळे मर्यादेत राहणं त्याच्याही फायद्याचं आहे. हे गणित त्याला समोर बसून दाखवा. अडलेला सौदा यानं सुटतो. तेव्हा लक्षात ठेवायचा आकडा एकच: सरकारी मूल्य भागिले १.१. त्याखाली करार करायचा नाही.

४३.७ लाखांत शुल्क (४८ लाखांवर ३.३६ लाख), नोंदणी, एजंट, दुरुस्ती धरून घर ५० लाखांना पडतं आणि निव्वळ परतावा २.९ टक्के. जवळ आलो.

सरकारी मूल्य काढताना घाई नको. दर कुठल्या क्षेत्रफळाला लावलाय, इमारतीच्या वयाचा घसारा धरलाय का, हे तपासा. जुन्या इमारतीत घसारा विसरला तर मूल्य उगाच फुगतं. मूल्य खरोखरच अवाजवी वाटत असेल तर करारावर सह्या करण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे मूल्य आणि शुल्क त्यांच्याकडून ठरवून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. वेळ लागतो, पण मोठ्या फरकाच्या वेळी तो लावावा.

विक्रेता "थोडे रोख द्या" म्हणाला तर नाही म्हणा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून अधिक रोख घेण्यावर बंदी आहे आणि रोख घेणाऱ्या विक्रेत्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय ती रक्कम पुढे विकताना तुमच्या खरेदी किमतीत धरली जात नाही.

आणखी एक: किंमत किंवा सरकारी मूल्य यांपैकी काहीही ५० लाख किंवा त्यावर असेल तर विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा असतो. त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक) लागत नाही, पॅनवर होतं. महिना संपल्यापासून ३० दिवसांत. आमच्या उदाहरणात दोन्ही आकडे ५० लाखांच्या खाली आहेत, म्हणून तो लागत नाही.

कर्ज किती

बँक ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, म्हणजे इथे ३५ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्यात धरली जात नाही, ती खिशातून. ८.५ टक्के व्याज, २० वर्षं, एका लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता. ३५ लाखांवर ३०,४००. भाड्यातून हातात येणार महिन्याला १२,०००. म्हणजे दरमहा १८,००० पगारातून. मंदीत नोकरी गेली तर हाच फ्लॅट सगळ्यात आधी गळ्याशी येतो.

२० लाख घेतले तर हप्ता १७,४००, खिशातून साडेपाच हजारांच्या आत. १४ लाख घेतले तर घर स्वतःचा हप्ता स्वतः भरतं. किमतीच्या निम्म्यावर कर्ज जाऊ देऊ नका.

व्याजदर वाढीची चाचणी आधीच घ्या. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. २० लाखांच्या कर्जाला व्याज २ टक्क्यांनी वाढलं तर हप्ता २,६०० रुपयांनी वाढतो. बँका बहुधा हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवतात. पत्र आल्यावर शाखेत जाऊन हप्ता वाढवायचा की मुदत, हे आपण निवडावं. तो पर्याय देणं बँकेला बंधनकारक आहे. आणि नऊ महिन्यांचा हप्ता अधिक मेंटेनन्स, इथे साधारण १.८ लाख, मुदत ठेवीत वेगळा ठेवा. ही रक्कम नसेल तर फ्लॅट घेऊ नका, भाव कितीही उतरला असला तरी.

कागद आणि भिंती

विसार देण्याआधी लेखी करारनामा करा, एक पानाचा का होईना. मालकी हक्क (शीर्षक) निर्वेध नसेल किंवा कर्ज मंजूर झालं नाही तर विसार किती दिवसांत परत मिळेल, हे त्यात हवं. विसार एक लाखाच्या वर नको, तोही चेकनं.

वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. पहिल्या खरेदीपासूनची सगळी करारपत्रं सलग हवीत, प्रत्येकावर पूर्ण मुद्रांक भरलेला हवा. भोगवटा प्रमाणपत्र, भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), सोसायटीचा नादेय दाखला (थकबाकी नसल्याचा), मिळकतकराची आणि वीजबिलाची पावती पाहा. सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीकडे, झालंय का हे विचारा. मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाचं नाव असेल तर पुनर्विकासाच्या वेळी ते अडतं आणि भावावर घासाघीस करायला तो रास्त मुद्दा आहे. वारसांकडून घेताना सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोड पत्र हवं; परदेशातल्या एका बहिणीची सही राहिली म्हणून वर्षभर अडकलेले सौदे असतात. विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेचं थकबाकीपत्र आणि तिच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी घ्या आणि रकमेचा पहिला भाग थेट त्या कर्ज खात्यात भरा.

घर दोनदा पाहा, त्यातली एक वेळ सकाळी सातची. तेव्हा नळाला पाणी किती जोरात येतं ते कळतं. पावसाळ्यात पाहता आलं तर फारच उत्तम: नैर्ऋत्येकडची भिंत आणि खिडक्यांचे वरचे कोपरे ओले आहेत का बघा. बाथरूमच्या छताला पांढरे फुगवटे असतील तर वरच्या घराचं पाणी झिरपतंय. दुरुस्ती वरच्या मालकाच्या मर्जीवर जाते. नुकताच फक्त एकाच भिंतीला रंग दिला असेल तर त्या भिंतीवर हाताच्या पाठीनं ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय. पार्किंग करारात लिहिलंय की नुसतं "वापरतो" म्हणतात, हेही विचारा. दुचाकीलाही जागा नसलेला फ्लॅट भाड्यात दीड-दोन हजारांनी खाली जातो.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट भाड्यासाठी मंदीत घेऊ नये. भाडं सुरू होत नाही, व्याज सुरू होतं, वर ५ टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या घरांना १ टक्का, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला शून्य). विक्री थांबली की बिल्डरचा पैसा अडकतो आणि काम रेंगाळतं. घ्यायचाच असेल तर महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची मुदत किती वेळा वाढली आणि किती फ्लॅट विकले गेले ते बघा. नोंदणीकृत करार होईपर्यंत १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही. "तीन वर्षं भाड्याची हमी" देणाऱ्या योजनेत ते भाडं बहुधा किमतीतच घातलेलं असतं. शेजारच्या इमारतीचा दर काढला की लगेच दिसतं.

बँकांच्या लिलावात खरोखर स्वस्त मिळतं, पण पहिल्याच खरेदीला तिकडे जाऊ नका. बोली लागली की २५ टक्के त्याच किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी आणि बाकीचे साधारणपणे १५ दिवसांत भरायचे असतात. नोटिशीत ताबा "प्रत्यक्ष" आहे की "सांकेतिक" हे वाचा. सांकेतिक म्हणजे जुना मालक अजून आत राहतोय. सोसायटीची आणि मिळकतकराची थकबाकी सहसा घेणाऱ्याच्या डोक्यावर येते.

भाड्यानं देताना

मंदीत भाड्यावर अडून बसणं महागात पडतं. २०,००० ला दोन महिने वाट पाहिली तर वर्षात २,००,००० आले. १८,००० ला लगेच दिला तर २,१६,०००. भाडं कमी करताना करारात दुसऱ्या वर्षी ७-८ टक्के वाढ लिहून घ्या. भाडेकरू सहसा मान्य करतो.

लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती नसेल तर शिक्षेची तरतूद आहे आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. नोंदणी ऑनलाइन, आधार आणि बोटांच्या ठशांवर घरबसल्या होते. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक परतीच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, यांच्या ०.२५ टक्के. २०,००० भाडं, ६०,००० अनामत, ११ महिने: २,२०,००० अधिक ५,५००, त्याचे ०.२५ टक्के साडेपाचशेच्या आसपास. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,०००. एवढ्या पैशांसाठी नोंदणी टाळणं शहाणपणाचं नाही. ११ महिन्यांऐवजी २४ किंवा ३६ महिन्यांचा करार केला तर दरवर्षीची धावपळ वाचते. कमाल ६० महिने चालतो.

करारात हे असलंच पाहिजे: पहिले सहा महिने घर न सोडण्याची अट, त्यानंतर एक महिन्याची नोटीस, पोटभाडेकरू ठेवायला मनाई, वस्तूंची यादी (पंखे ४, गिझर १, ट्रॉली, गॅसची पाइपलाइन, चाव्यांचे संच किती), वीज आणि गॅसचं बिल कोणी भरायचं. मुदत संपूनही भाडेकरू बसून राहिला तर कायद्यानं दुप्पट परवाना शुल्क, म्हणजे दुप्पट भाडं, मागता येतं आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी जाता येतं, पण करार नोंदलेला असेल तरच ही वाट सरळ राहते. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवा, तिची प्रत सोसायटीला द्या.

करांबद्दल थोडंसं. मिळालेल्या भाड्यातून तुम्ही भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग कर्जाचं व्याज. २,२०,००० भाडं, १४,००० कर, ६१,८०० वजावट, १,६८,००० व्याज: २३,८०० तोटा. जुन्या करप्रणालीत असा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, नव्यात होत नाही. मेंटेनन्सची वेगळी वजावट कुठल्याच प्रणालीत नाही. "व्याजावर कर वाचतो" म्हणून मोठं कर्ज सुचवणाऱ्याला आधी विचारा की तो कुठली प्रणाली धरून बोलतोय.

भाडेकरू घर सोडताना वीज आणि गॅसच्या बिलाची शेवटची पावती बघा, करारातली यादी हातात घेऊन खोल्या फिरा, प्रत्येक नळ आणि बटण चालू करा. देतानाचे फोटो तारखेसह फोनमध्ये ठेवलेले असतील तर रंग किती खराब झाला यावर वाद होत नाही. नेहमीच्या वापरानं मळलेल्या भिंतीचे पैसे कापू नका. फुटलेल्या बेसिनचे कापा, बिलाची प्रत देऊन. उरलेली अनामत त्याच दिवशी ऑनलाइन परत करा आणि चावी घेतल्याची सही दोघांच्या प्रतींवर घ्या. तोच भाडेकरू पुढच्या महिन्यात त्याच्या ऑफिसमधल्या कोणाला तरी तुमचा नंबर देतो, आणि एजंटचे २०,००० वाचतात.